रक्त डुकराचं, अहवाल कोणाला?

चिखलदऱ्यावर डुकरांचे फार्म नाहीत. तिथं बसून व्यावसायिक वराहपालनातल्या रक्ततपासणीवर लिहायचं म्हणजे गमतीचंच काम. वर येणारा पर्यटक भीमकुंडापाशी कीचकवधाची गोष्ट ऐकतो, गाविलगडाच्या तटावर फिरतो, इथल्या कॉफीची पुडी घेतो आणि घाट उतरून परतवाड्याला लागतो. वाटेत त्याला गवळ्यांच्या म्हशी दिसतात, कोरकूंच्या अंगणातल्या कोंबड्या दिसतात. डुक्कर दिसलंच तर रानातलं, आणि तेही क्वचित. शेतकऱ्याला मात्र त्याची हजेरी सकाळी मक्याच्या उकरलेल्या ओळींत कळते.

तरी सुरुवात मी इथूनच करणार आहे. सुमारे १,१०० मीटर उंचीच्या या कड्यावरून खाली पाहिलं की एरवी वेगवेगळ्या खात्यांच्या फायलींत पडून असलेल्या गोष्टी एका नजरेत येतात. वर साग-मोहाचं रान, १९७३-७४ मधल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक असलेला मेळघाट, उंबरावर आणि मोहावर रात्री उतरणारी वटवाघळं, रानडुकरांचे कळप. खाली अचलपूर-परतवाड्याचा सपाट मुलूख, संत्र्याच्या बागा, पुढं अमरावती आणि अकोला. या मुलखात आता डुकरांच्या शेडची चौकशी सुरू झाली आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ नंतरच्या योजनेत वराहपालन प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या निम्मं, कमाल ३० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. कापूस-सोयाबीनच्या भावाला विटलेली शिकलेली पोरं शेळी घ्यावी की डुक्कर, हा हिशेब मोबाइलवर करत असतात. त्यात वावगं काही नाही. यॉर्कशायरसारख्या जातीची डुकरीण वर्षाला दोनदा विते, एका वेळी आठ-दहा पिल्लं देते, आणि पिल्लू सात-आठ महिन्यांत विक्रीला तयार होतं. दुसरं कुठलं जनावर इतक्या लवकर पैसा मोकळा करून देत नाही.

अडचण अशी की रान वनखात्याचं, शेड पशुसंवर्धन विभागाची आणि त्या शेडमध्ये राबणाऱ्या गड्याचा ताप आरोग्य खात्याचा. वटवाघूळ मात्र एका रात्रीत तिन्ही खात्यांतून फिरून येतं.

या पुस्तकाच्या पुढच्या पानांत जे शास्त्र मांडलं आहे ते वरवर पाहता बिनकामाचं वाटण्यासारखं आहे. कळपातली सगळी जनावरं खातीपिती, धडधाकट असताना त्यांचं रक्त काढायचं आणि या कळपाची एखाद्या घातक विषाणूशी कधीकाळी गाठ पडली होती का, हे पाहायचं. आपल्याकडं ढोरांच्या दवाखान्यात जनावर येतं ते चारा सोडल्यावर. डॉक्टरनं आपण होऊन शेडवर यावं आणि ठणठणीत डुकराला सुई टोचावी, हे मालकाला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर कित्येक डॉक्टरांनाही पटत नाही. पण विषाणू डुकराच्या रक्तात राहतो जेमतेम चार-पाच दिवस. तेवढ्यात डुकरानं एखादा दिवस कमी खाल्लं तर मालक म्हणतो, ऊन लागलं. त्या चार दिवसांत आपण तिथं पोचण्याची शक्यता नाहीच्या बरोबर. अँटिबॉडी मात्र मागं राहते, महिनोन्‌महिने, कधी जन्मभर. कोविडच्या साथीत सिरो-सर्व्हे हा शब्द घरोघरी पोचला. तेच काम इथं डुकरांत करायचं आहे.

डुकरातच का, याचं उत्तर प्रत्येक विषाणूगणिक वेगळं आहे. जपानी मेंदूज्वराचा विषाणू पाणपक्ष्यांत असतो. भातखाचरात वाढणारा क्युलेक्स डास तो डुकरापर्यंत आणतो आणि डुकराच्या रक्तात तो इतका वाढतो की पुढं चावणारे डास भरभरून घेऊन जातात. डुकराला स्वतःला फारसं काही होत नाही. गाभण मादी असेल तर मेलेली, सुकलेली पिल्लं टाकते, एवढंच. इन्फ्लुएंझाची गोष्ट निराळी: पक्ष्यांचा आणि माणसांचा, दोन्ही जातींचा फ्लू डुकराच्या श्वासनलिकेत रुजू शकतो, म्हणून तिथं त्यांची सरमिसळ होण्याची धास्ती. २००९ मध्ये ज्या फ्लूनं पुणं बंद पाडलं, शाळा आणि सिनेमागृहं ओस पाडली, त्याच्या वंशावळीत डुकरांतल्या फ्लूचे धागे होते. पण त्या वर्षी डुकरांनीही माणसाकडून तो घेतला, हे आपण विसरतो. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात एका फार्मवरची डुकरं त्या विषाणूनं आजारी पडली, तेव्हा संशय माणसाकडूनच तो आल्याचा होता. रोगाला ‘स्वाइन फ्लू’ नाव पडलं आणि बदनाम झालं ते डुक्कर.

विदर्भाला या विषयात आपला म्हणून इतिहास आहे, आणि तो विदर्भातच फारसा सांगितला जात नाही. पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली. त्याच सुमारास देशात ठिकठिकाणी माणसांचं रक्त तपासलं गेलं आणि जपानी मेंदूज्वराच्या अँटिबॉडी मिळाल्या त्या नागपूर जिल्ह्यात आणि तमिळनाडूतल्या चेंगलपट्टू भागात. रोगी नव्हता, साथ नव्हती. रक्तात खूण तेवढी होती. पहिला रुग्ण वेल्लोरला सापडायला १९५५ उजाडलं. मोठी साथ बंगालात आली १९७३ मध्ये, आणि गोरखपूरनं हजाराहून जास्त लेकरं गमावली २००५ मध्ये. म्हणजे नागपूरकरांच्या रक्तानं दिलेली खबर तेव्हा अर्धं शतक जुनी होती.

दुसरी गोष्ट याहून आपली. १९६५ मध्ये नागपुरात तापाची साथ होती. तिथल्या दोन रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा काढला गेला आणि त्याला चांदीपुरा हे गावाचं नाव मिळालं. वाळूमाशीतून पसरणारा, फारसं नुकसान न करणारा म्हणून तो जवळजवळ चाळीस वर्षं बासनात राहिला. २००३ मध्ये आंध्रात त्याच विषाणूनं ३२९ मुलांना गाठलं आणि १८३ मुलं दगावली. त्यानंतर विदर्भातही तो पुन्हापुन्हा येऊन गेला आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्यानं हाहाकार उडवला. आंध्रातल्या साथीनंतर करीमनगर-वरंगळच्या बाजूला पाळीव जनावरांचं रक्त पाहिलं गेलं. म्हशी, गायी, शेळ्या, मेंढ्या, डुकरं, सगळ्यांत अँटिबॉडी मिळाल्या, आणि सर्वांत जास्त प्रमाण निघालं ते डुकरांत. डुक्कर त्या विषाणूचं कोठार आहे की फक्त वाळूमाश्यांच्या तावडीत जास्त सापडतं, हे एवढ्यावरून ठरत नाही. पण ज्या विषाणूला नाव नागपूरकडून मिळालं, त्याच्यासाठी वऱ्हाडातल्या डुकरांचं रक्त वेळोवेळी पाहावं, एवढं तरी ठरायला हरकत नसावी.

आता मलेशिया. या विषयावरचं कुठलंही पुस्तक तिथं गेल्याशिवाय पुढं सरकत नाही, आणि हेही सरकलेलं नाही. सप्टेंबर १९९८ पासून पेराक राज्यात इपोहच्या परिसरातल्या वराहपालकांना मेंदूज्वर होऊ लागला. निदान झालं जपानी मेंदूज्वराचं; धूर मारला, डुकरांना आणि माणसांना लशी टोचल्या. साथ हटेना. आजारी पडत होते ते धडधाकट मोठे पुरुष, डुकरांत थेट काम करणारे. जपानी मेंदूज्वर प्रामुख्यानं लेकरांना गाठतो. लस घेतलेलेही पडत होते. डुकरं जोरजोरात, भुंकल्यासारखी खोकत होती, आणि हेही जपानी मेंदूज्वराच्या चित्रात कुठं बसत नव्हतं. दरम्यान घाबरलेल्या मालकांनी पडत्या भावात डुकरं विकली आणि ती ट्रकांतून दक्षिणेला नेग्री सेंबिलान राज्यात गेली. रोगही त्याच ट्रकांतून गेला. मार्च १९९९ मध्ये मलाया विद्यापीठातल्या चुआ कॉ बिंग या विषाणूतज्ज्ञानं एका रुग्णाच्या नमुन्यातून वेगळाच विषाणू वाढवला आणि नमुने घेऊन तो अमेरिकेला गेला. सुंगाई निपाह या वस्तीवरून त्याला निपाह म्हणू लागले. साथीत एकूण २६५ माणसं आजारी पडली, १०५ मेली. सिंगापूरच्या कत्तलखान्यातल्या मजुरांपर्यंत तो पोचला होता. लष्कर उतरवून दहा लाखांवर डुकरं मारली गेली.

मूळ कुठं निघालं? पहिल्या मोठ्या फार्मच्या आवारात आंब्याची झाडं होती. फळखाऊ वटवाघळं रात्री यायची, अर्धी खाल्लेली फळं खाली डुकरांच्या वाड्यात पडायची. शेतीतज्ज्ञांच्या नजरेनं ती उत्तम व्यवस्था होती: एकाच जमिनीत फळ आणि मांस. आपल्याकडच्या ‘एकात्मिक शेती’च्या पत्रकांवर संत्र्याच्या बागेत जनावरांची शेड काढलेली मी पाहतो, तेव्हा हे मनात येतंच. संत्र्याचं म्हणत नाही. पण शेडवर सावलीला आंबा, उंबर, जांभूळ लावण्याचा सल्ला देणाऱ्यानं दोनदा विचार करावा.

मलेशियाच्या साथीचा एक भाग मात्र बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकला जातो, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. कत्तल आटोपल्यावर तिथल्या पशुवैद्यक खात्यानं देशभर रक्ततपासणीची मोहीम काढली. १९९९ च्या एप्रिल ते जुलैत ८८९ फार्म तपासले. त्यांतले ५० होकारार्थी निघाले. त्यातल्या कळपांतली डुकरं मारली. उरलेले आठशेच्या वर फार्म आपलं काम सुरू ठेवू शकले, कारण त्यांच्या हातात आता कागद होता. आधी दहा लाख डुकरं मारताना कोणता कळप स्वच्छ आणि कोणता नाही, हे सांगायला कोणाकडं काही नव्हतं. हीच चाचणी सहा महिने आधी असती तर किती डुकरं आणि किती माणसं वाचली असती, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

फिलिपिन्सची गोष्ट लहान आहे. २००८ मध्ये तिथं डुकरं दुसऱ्याच रोगानं मरत होती. नमुने तपासताना अमेरिकी प्रयोगशाळेत रेस्टन जातीचा इबोला सापडला. नावानंच जगाला घाम फुटला. पुढं डुकरांत वावरणाऱ्या काही माणसांतही त्याच्या अँटिबॉडी मिळाल्या, पण आजारी कोणी पडलं नव्हतं. संपर्क म्हणजे रोग नव्हे, याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. ते एवढ्यासाठी सांगून ठेवतो की इबोला हा शब्द एकदा वर्तमानपत्राच्या मथळ्यात गेला की पुढचं वाक्य कोणी वाचत नाही.

आपल्या देशातल्या निपाहला डुक्कर लागलेलं नाही, हे प्रामाणिकपणे मांडायला हवं. २००१ मध्ये सिलिगुडीत तो रुग्णालयातून पसरला. २०१८ मध्ये कोझिकोड-मलप्पुरममध्ये १७ माणसं गेली तेव्हा सुरुवातीला वटवाघळं, डुकरं, गायी, शेळ्या असे नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि सगळे नकारार्थी आले. धागा सापडला तो नंतर फळखाऊ वटवाघळांत. मग महाराष्ट्रात डुकरं कशाला तपासायची? पुण्याच्या संस्थेनं मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळं पकडून तपासली. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: निपाहच्या अँटिबॉडी मिळाल्या होत्या. महाबळेश्वर आणि चिखलदरा, दोन्ही थंड हवेची ठिकाणं, दोन्हीकडं कडेकपारी, दोन्हीकडं वटवाघळं. फरक एवढाच की तिथं कोणी तपासलं.

‘नाही’ आणि ‘पाहिलं नाही’ यांतला भेद मेळघाटाला नव्यानं शिकवायची गरज नाही. रानपिंगळा हे घुबड १८८४ नंतर कोणी पाहिलं नव्हतं आणि ते नामशेष झालं असं जगानं धरून टाकलं होतं. १९९७ मध्ये ते नंदुरबारच्या शहाद्याजवळ सापडलं, आणि मग मेळघाटातही. मधल्या ११३ वर्षांत घुबड कुठं गेलं नव्हतं. दिवसा, योग्य झाडावर बघणारा कोणी नव्हता, इतकंच. ‘आमच्या भागात हा विषाणू नाही’ असं बैठकीत कोणी म्हणालं की मी विचारतो, किती नमुने घेतले? उत्तर बहुधा चहाबरोबर येतं आणि चहाबरोबरच जातं.

जनावरांच्या रक्तानं आधी सांगितलं आणि मग माणसांना कळलं, याची आपल्याकडची भक्कम साक्ष क्रायमिन-काँगो तापाची आहे. २०११ च्या जानेवारीत अहमदाबादजवळ साणंद भागात हा गोचिडातून येणारा ताप पहिल्यांदा निदान झाला. गुजरातचा रोग म्हणून त्याची नोंद झाली. नंतर २०१३-१४ मध्ये बावीस राज्यांतल्या गायी-म्हशी-शेळ्या-मेंढ्यांचं रक्त तपासलं तेव्हा त्याच्या खुणा देशभर पसरलेल्या दिसल्या. रुग्ण ज्या राज्यांत कधी नोंदला गेला नव्हता तिथंही. तेव्हापासून गोचिडाच्या तापाचा विचार निदान मोठ्या रुग्णालयांत तरी होऊ लागला.

आता प्रत्यक्ष कामाकडं येतो. मोठ्या डुकरीणीचं रक्त काढणं बघण्यासारखं असतं. वरच्या जबड्यात, सुळ्यांच्या मागं तारेचा फास अडकवला की ती मागं ओढते, पुढं धावत नाही. हा तिचा स्वभावच आपल्या कामी येतो. डोकं जरा वर झालं की मानेच्या बुडाशी, छातीच्या हाडाच्या अलीकडं एक खळगा दिसतो. उजव्या अंगाच्या खळग्यात लांब सुई. डाव्या अंगाला हृदयाच्या आणि श्वासपटलाच्या नसांना धक्का लागायची भीती अधिक, म्हणून उजवीच. आरडाओरडा इतका की शेजारच्या वावरातला माणूस काम टाकून बांधावर येतो. पाच-सात मिलिलिटर रक्त, लाल टोपणाची नळी, चिकटपट्टीवर कानातल्या बिल्ल्याचा नंबर. नळी तिरकी ठेवायची, गुठळी बसू द्यायची, आणि वर आलेलं वाळल्या गवताच्या रंगाचं सिरम दुसऱ्या कुपीत घ्यायचं. अकोल्याच्या मे महिन्यात नासाडी होते ती इथं. नळी हलली, गाडीच्या डॅशबोर्डवर तापली किंवा घाईनं बर्फाला थेट चिकटवली की तांबड्या पेशी फुटतात, सिरम लाल होतं, आणि प्रयोगशाळा तो नमुना बाजूला सारते. एवढा गोंधळ घालून काढलेलं रक्त वाया गेलं हे मालकाला सांगायला जो जातो, त्यालाच या कामाची किंमत कळते.

कोणाचं रक्त घ्यायचं, हा प्रश्न सुईपेक्षा अवघड. पिल्लाच्या अंगातली अँटिबॉडी पहिल्या दोन-तीन महिन्यांत आईच्या चिकातून आलेली असू शकते. ती आईची गोष्ट सांगते, पिल्लाची नाही. विक्रीला आलेल्या सहा-सात महिन्यांच्या डुकरात सापडली तर ती याच हंगामातली. कळपातल्या जुन्या माद्या तीन-चार वर्षांच्या असतात, त्यांच्या रक्तात मागचा सगळा काळ साठलेला. म्हणून ‘इथं कधी काही झालं होतं का’ असं विचारायचं असेल तर माद्या, आणि ‘यंदा काही होतंय का’ असं विचारायचं असेल तर वाढतं डुक्कर. जपान १९६० च्या दशकापासून दुसरा प्रश्न विचारत आला आहे: दर उन्हाळ्यात कत्तलखान्यात येणाऱ्या पाच ते आठ महिन्यांच्या डुकरांचं रक्त प्रांतोप्रांती तपासलं जातं, अँटिबॉडी वाढताना दिसल्या की डासांपासून जपा आणि लस घ्या असं लोकांना सांगितलं जातं. कत्तल नाही, पोलीस नाही, मथळा नाही. भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात हे करायला कोणती अडचण आहे, ते मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. चिखलदऱ्यापेक्षा ती गरज तिकडं जास्त आहे, हेही नमूद करतो.

गणित थोडंच आहे. मोठ्या कळपात १० टक्के जनावरांना संपर्क झाला असेल तर त्यातलं एक तरी ९५ टक्के खात्रीनं हाती लागायला २९ नमुने पुरतात. ५ टक्क्यांना झाला असेल तर ५९ लागतात. पाच नमुने घेऊन ‘कळप स्वच्छ’ असं प्रमाणपत्र देणं म्हणजे मालकाची फसवणूक. याची उलट बाजू जास्त घातक. चाचणी निरोगी शंभरांत नव्व्याण्णवांना बरोबर ‘नाही’ म्हणत असली, तरी हजार निरोगी डुकरांत दहा खोटे होकार निघतात. निपाहसारख्या विरळ विषाणूच्या बाबतीत हाती आलेले सगळेच होकार खोटे असू शकतात. शिवाय जपानी मेंदूज्वर आणि वेस्ट नाईल यांच्या अँटिबॉडी एलायझा चाचणीत एकमेकींसारख्या दिसतात. म्हणून पहिला होकार म्हणजे फक्त संशय. पुढं विषाणूला निष्प्रभ करणारी अँटिबॉडी आहे का ही पक्की चाचणी. जिवंत निपाहवर ती करायची तर सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागते, आणि ती पुण्यात २०१२ च्या अखेरीपासून आहे. नागपुरात राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, नागपुरात विद्यापीठ आहे. वऱ्हाडाला प्रयोगशाळा दूर आहे, ही तक्रार आता फारशी टिकणार नाही.

टिकते ती दुसरीच तक्रार, आणि हे पुस्तक मुख्यतः तिच्यासाठी लिहिलं गेलं आहे. शेडवर गेलं की मालकाचा प्रश्न ठरलेला असतो: “रगत घ्या सायब, पन रिपोट आला त मले अगुदर सांगसान, का पेपरात वाचू?” या प्रश्नाला सरकारी परिपत्रकात उत्तर नसतं. नमुना पशुधन पर्यवेक्षकाकडून पंचायत समितीत, तिथून जिल्ह्याला, तिथून पुण्याला किंवा भोपाळला जातो. अहवाल उलट्या वाटेनं निघतो आणि मालकापर्यंत येण्याआधी तीन टेबलांवर थांबतो. त्या तीन टेबलांपैकी एकाचा भाऊ पत्रकार असतोच.

फेब्रुवारी २००६ आठवावा. नवापूरच्या कोंबड्यांत देशातला पहिला बर्ड फ्लू भोपाळच्या प्रयोगशाळेनं पक्का केला, लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, आणि त्या आठवड्यात ज्यांच्या कोंबड्या शेकडो मैलांवर ठणठणीत होत्या त्यांचाही धंदा बसला. पंधरा वर्षांनी, २०२१ मध्ये, नवापूर पुन्हा त्याच रोगात सापडलं. त्याहून शिकण्यासारखं इजिप्तचं उदाहरण. २००९ मध्ये एकाही डुकराची खातरजमा न करता तिथल्या सरकारनं देशातली सुमारे तीन लाख डुकरं मारायचं ठरवलं. कैरोतल्या कचरा वेचणाऱ्या जब्बालीन वस्तीची डुकरं शहराचं खरकटं खात होती. ती गेली, माणसांतला फ्लू थांबला नाही, आणि रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग लागले. डुकरं पाळणारे तिथं अल्पसंख्याक आणि गरीब. आपल्याकडंही डुक्कर पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या दारात राहिलं, ते गावकुसाबाहेर ठेवलेले लोक. वडार, कैकाडी अशा समाजांतली घरं. नगरपालिकेची डुक्कर पकडण्याची गाडी त्यांच्याच वस्तीत जाते. आता अनुदानाच्या पैशानं शेड बांधणारा पदवीधर मालक त्यांच्या शेजारी येऊन बसला आहे. अहवालात एक होकार आला तर पदवीधराचं कर्ज थकेल, पण वस्तीतल्या माणसाची डुकरं रात्रीतून उचलली जातील. एकाच चाचणीचे हे दोन भाव आहेत, आणि तपासणी आखणाऱ्यानं ते न बघून चालत नाही.

२००९ च्या पशुरोग नियंत्रण कायद्यानं रोगाचा संशय कळवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० मध्ये देशात आला तेव्हापासून मारलेल्या डुकरांची भरपाई केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी देतात. तो रोग माणसाला होत नाही, पण डुकरांचा संहार करतो, आणि २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या सुमारे ९० लाख डुकरांपैकी २१ लाख एकट्या आसामात होती. हे सगळं रोगासाठी. नुसता जुना संपर्क सापडला, जनावर धडधाकट आहे, मारायची गरजही नाही, पण खरेदीदारानं ट्रक परत पाठवला, तर त्या मालकानं कोणाच्या दारात उभं राहायचं? इपोहच्या मालकांनी डुकरं ट्रकात भरली ती याच भीतीनं. शास्त्राच्या नजरेतून ती घोडचूक होती. हप्त्याच्या नजरेतून तो त्यांच्यासमोरचा एकच मार्ग होता.

म्हणून या पुस्तकातली प्रकरणं ज्या क्रमानं लावली आहेत, तो काहींना विचित्र वाटेल. सुई आणि नळी येतात तिसऱ्या प्रकरणात. पहिलं प्रकरण आहे मालकाशी आधी काय बोलायचं याचं: कोणत्या विषाणूसाठी तपासणार, संशयास्पद अहवाल आला तर दुसरी चाचणी होईपर्यंत तोंड बंद कोण कोण ठेवणार, शेडवरच्या गड्यांची तपासणी फुकट होणार का, विक्री थांबवायची वेळ आली तर किती दिवस आणि त्या दिवसांचं खाद्य कोण देणार. हे लेखी, दोघांच्या सह्यांनी. काही अधिकाऱ्यांना हे फार वाटतं. त्यांचं म्हणणं, कायद्यानं नमुना घेण्याचा अधिकार आम्हाला आहेच. आहे. पण अधिकारानं एकदाच रक्त मिळतं, आणि संपर्काच्या तपासणीला त्याच कळपाचं रक्त वर्षानुवर्षं लागतं.

दुसरं प्रकरण नकाशाचं: शेडपासून वटवाघळांचं झाड किती लांब, रानडुकरं कुंपणापर्यंत येतात का, शेडवर हॉटेलचं उष्टं येतं का, भाताची खाचरं कुठं, गडी झोपतात कुठं. मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांसाठी हे प्रकरण स्वतंत्रपणे वाचलं तरी चालेल. तिथल्या लोकांना यातलं निम्मं आधीच ठाऊक आहे, फक्त ते कोणी लिहून घेतलेलं नाही. गणिताचं प्रकरण ज्यांना जड जाईल त्यांनी तक्ता तेवढा बघावा. शेवटी नमुना पाठवण्याचा फॉर्म दिला आहे. त्याची झेरॉक्स काढून वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यात मालकाच्या मोबाइल नंबरची ओळ अगदी वर, प्रयोगशाळेच्या पत्त्याच्याही आधी टाकली आहे. ती भरल्याशिवाय नळीला टोपण लावू नये.